हात वर केला नाही, त्या प्रश्नाचं काय करायचं?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी दोन पत्रं दिग्दर्शकांना भेटण्याविषयीची आहेत. पहिल्याला थोडक्यात उत्तर देते. दुसऱ्याला लागेल तेवढी जागा घेणार आहे.

प्रश्न : आमच्या विद्यापीठात पुढच्या महिन्यात माझे सर्वांत आवडते दिग्दर्शक व्याख्यानाला येणार आहेत. मी मोबाइलवर बारा मिनिटांचा लघुपट केला आहे. तो पेन ड्राइव्हवर घालून त्यांच्या हातात द्यायचा विचार आहे. मित्र म्हणतात, अशी संधी पुन्हा येणार नाही. देऊ का?
— एक विद्यार्थी, जालना

उत्तर : पेन ड्राइव्ह देऊ नकोस. कॉलेजात मी वीसेक वर्षं अशा व्याख्यानांची व्यवस्था पाहिली आहे. पाहुणे स्टेजवरून उतरतात तेव्हा त्यांच्या हातात शाल, नारळ, पुष्पगुच्छ आणि एखादं जाड स्मृतिचिन्ह असतं, बाहेर गाडी सुरू करून ठेवलेली असते. त्या गडबडीत हातात आलेली लहान वस्तू कुणाच्या तरी पिशवीत जाते आणि तिथेच राहते. शिवाय अनोळखी पेन ड्राइव्ह कुणी आपल्या लॅपटॉपला लावत नाही, लावूही नये. त्यापेक्षा लघुपट यूट्यूबवर फक्त दुवा असणाऱ्यालाच दिसेल असा ठेव. व्याख्यान ठरवणाऱ्या प्राध्यापकांना आधी भेट. पाहुण्यांना दुवा पाठवला तर चालेल का, एवढं त्यांच्यामार्फत विचारून घे. 'नाही' आलं तर मनाला लावून घेऊ नकोस.

आणि त्या एका भेटीवर सगळं अवलंबून आहे असं समजू नकोस. नागराज मंजुळे यांनी 'पिस्तुल्या' केला तो अहमदनगरच्या न्यू आर्ट्स कॉलेजात संज्ञापनशास्त्र शिकताना, अभ्यासक्रमाचा भाग म्हणून. त्या लघुपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. चैतन्य ताम्हाणे अल्फोन्सो क्वारोनसारख्या दिग्दर्शकाजवळ बसून काम पाहू शकले, ते एका शिष्यवृत्तीसाठी रीतसर निवड झाल्यामुळे. त्यांचा 'कोर्ट' हा चित्रपट त्याआधी होऊन गेला होता, त्यांना दाखवण्यासारखं काम हाताशी होतं. तू बारा मिनिटांचा केलास, आता दुसरा कर. व्याख्यानाला मात्र मोकळ्या हातांनी जा आणि नीट ऐक.

प्रश्न : बाई, सप्रेम नमस्कार. मी भुदरगड तालुक्यातली. 2018 मध्ये एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा आमच्या विद्यापीठात 'कासव' हा चित्रपट दाखवला आणि नंतर त्याच्या दिग्दर्शिका सुमित्रा भावे बोलल्या. मी मागून तिसऱ्या रांगेत बसले होते. माझा धाकटा भाऊ तेव्हा आठ महिने घरात पडून होता. इंजिनिअरिंग अर्धं सोडून आला होता. धड जेवायचा नाही, कुणाशी बोलायचा नाही. आम्ही सगळे त्याला एकच विचारायचो, "तुला झालंय तरी काय?" सिनेमातली जानकी एका खचलेल्या, अनोळखी तरुण मुलाला घरी आणून सांभाळते, पण त्याला हे विचारतच नाही. ते पाहताना मला घाम फुटला. प्रश्नोत्तरं सुरू झाल्यावर मी दोनदा हात अर्धा वर नेला आणि खाली घेतला. नंतर चहाच्या टेबलापाशी सुमित्राताई माझ्यापासून चार हातांवर होत्या. मी कप धरून पाच मिनिटं उभी राहिले. शेवटची एसटी सव्वासातची होती. मी निघाले.

घरी गेल्यावर विचारणं बंद केलं. नुसती त्याच्या खोलीत जाऊन भाजी निवडत बसायचे. तीन आठवड्यांनी तो म्हणाला, "मिरच्या इकडे दे, देठ काढतो." पुढे डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. आता तो गडहिंग्लजला नोकरी करतो. एप्रिल 2021 मध्ये सुमित्राताई गेल्याची बातमी फोनवर वाचली आणि पोटात खड्डा पडला. मला त्यांना विचारायचं होतं की जानकीचं हे न विचारणं तुम्हाला कुठून सापडलं. तो प्रश्न आता कुणाला विचारू? आणि त्या दिवशी मी बोलले नाही हे चुकलं का?
— एक वाचक, जि. कोल्हापूर

उत्तर : तुझं पत्र मी तीनदा वाचलं, आणि तिन्ही वेळा मिरच्यांच्या ओळीशी थांबले.

चुकलं नाही. राहून गेलं. या दोन गोष्टी मी वेगळ्या धरते. राहून गेल्याची हळहळ खरी आहे आणि ती मी पुसून टाकणार नाही. पण तुझा प्रश्न त्यांच्यासोबत संपला असं मला वाटत नाही. त्यातला बराचसा शोधता येईल असा आहे.

सुमित्राताई सिनेमाकडे आल्या त्या समाजकार्यातून. पुण्याच्या कर्वे समाजसेवा संस्थेत त्या शिकवायच्या. वस्तीतल्या दलित बायकांच्या आयुष्यावर त्यांनी संशोधन केलं, आणि मग त्यांना एक गोष्ट खुपायला लागली. ज्या बाईवर आपण अहवाल लिहितो, तिलाच तो वाचता येत नाही. म्हणून चाळिशी ओलांडल्यावर, कुठल्याही फिल्म स्कूलमध्ये न शिकता, त्यांनी कॅमेरा जवळ केला आणि 1985 मध्ये 'बाई' हा लघुपट केला. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. सुनील सुकथनकर तेव्हा त्यांच्याबरोबर सहायक म्हणून आले. पुढे ते फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकले आणि मग सगळे चित्रपट दोघांनी मिळून केले.

मी समाजशास्त्र शिकवलं. त्यामुळे या प्रवासातली एक गोष्ट मला आतून ओळखीची वाटते. आटपाडीकडच्या दुष्काळी गावांत आम्ही विद्यार्थ्यांना घेऊन पाहणी करायचो. हातात छापील प्रश्नावली. चौदावा प्रश्न नवऱ्याच्या दारूविषयी होता. प्रत्येक बाई "नाही" म्हणायची आणि आम्ही "नाही" लिहायचो. एकदा एका घरी अंगणात भुईमुगाच्या वेलांचा ढीग पडला होता. माझ्याबरोबरच्या दोघी मुलींनी कागद बाजूला ठेवले आणि शेंगा तोडायला बसल्या. अर्ध्या तासानं ती बाई आपणहून बोलायला लागली. दारूविषयी तर बोललीच, प्रश्नावलीत ज्याला रकानाच नव्हता अशा पुष्कळ गोष्टी बोलली. समोर बसून विचारलं की माणूस आवरून घेतो. शेजारी बसलं आणि दोघांचे हात एकाच कामाला लागले की तोंड उघडतं. वस्त्यांत वर्षानुवर्षं काम केलेल्या बाईला हे कळलेलं नसेल, असं मी मानूच शकत नाही. जानकीचं न विचारणं मला तिथून आलेलं दिसतं. हा माझा अंदाज आहे. पण त्यांचे चित्रपट ओळीनं पाहिलेस तर तुलाही तो पटेल.

'अस्तु' पाहा. स्मृतिभ्रंश झालेले संस्कृतपंडित एका हत्तीमागे चालत जातात आणि माहुताच्या कुटुंबात पोचतात. हे कोण, कुठले, यांना कसला आजार, यातलं चन्नम्माला काही ठाऊक नाही. ती त्यांना लेकरासारखं सांभाळते. घरच्या शिकल्यासवरल्या माणसांना जे जड जातं, ते तिला जमतं, कारण तिला त्यांचं आधीचं मोठेपण माहीतच नाही. अमृता सुभाषला त्या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि सुमित्राताईंना संवादांसाठी. संवादांचा तो पुरस्कार मला फार योग्य वाटतो. कुठे बोलायचं नाही हे त्यांना नेमकं कळत होतं.

'दोघी' 1995 चा. त्यातली अपशकुनी ठरवून दूर केलेली गौरी बहिणीच्या लग्नासाठी गावी परतते. नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी तो वर्गात व्हिडिओ कॅसेटवर दाखवला होता. वर्गात बहुतेक मुली आसपासच्या गावांतून एसटीनं येणाऱ्या. सिनेमा संपल्यावर मी चर्चा सुरू करायचा प्रयत्न केला. कुणी एक शब्द बोललं नाही. मला वाटलं, तास फुकट गेला. आठवड्यानं एक मुलगी स्टाफरूमच्या दाराशी आली आणि म्हणाली, "मॅडम, आमच्या मावशीला माझ्या हळदीला बसू देणार नाहीत. मी सांगितलंय, मावशी नसेल तर हळद नको." लग्न पुढच्या महिन्यात होतं. तिनं सांगितलं आणि गेली. ही गोष्ट मी सुमित्राताईंना कधी कळवली नाही. पत्ता मिळवणं अवघड नव्हतं. नंतर लिहू, नंतर लिहू म्हणत राहिले. तेव्हा चार हातांवर उभी राहून गेलेली तू एकटी नाहीस.

'कासव'विषयी मला आणखी एक सांगायचं आहे. कोकण किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी जपण्याचं काम मंडणगड तालुक्यातल्या वेळासला 2002 पासून चालू आहे. चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेनं ते सुरू केलं आणि गावानं उचलून धरलं. मादी रात्री येते, वाळूत खड्डा करून शंभरेक अंडी घालते आणि समुद्रात निघून जाते, त्या घरट्याकडे परत फिरकत नाही. पन्नासेक दिवसांनी पिल्लं बाहेर येतात. मी विद्यार्थ्यांना घेऊन एका मार्चमध्ये गेले होते. सकाळी जाळीच्या कुंपणातली टोपली उचलली तेव्हा खाली पिल्लांचा गराडा होता. माझ्या एका विद्यार्थ्यानं विचारलं, "उचलून थेट पाण्यात का सोडत नाही?" तिथला कार्यकर्ता म्हणाला, वाळूवरून त्याचं त्यालाच चालत जाऊ द्यायचं. आपण फक्त दोरीच्या मागे उभं राहून कुत्र्या-कावळ्यांवर लक्ष ठेवायचं. एक पिल्लू चार वेळा लाटेनं मागे फेकलं गेलं. कुणी हात लावला नाही. मला तर श्वास घेता येत नव्हता. हे जिनं पाहिलं असेल, तिला जानकी वेगळी समजावून सांगावी लागत नाही. तू घरी जाऊन दोरीच्या मागे बसलीस, भाजी घेऊन. लक्षही ठेवलंस आणि वेळ आल्यावर डॉक्टरही गाठलेस. यातला दुसरा भाग मी मुद्दाम लिहिते आहे, कारण हे पान वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरी असंच कुणी खोलीत पडून असेल. न विचारता जवळ बसा, आणि उपचार मात्र लांबवू नका. 14416 या टेलिमानसच्या सरकारी क्रमांकावर फोन केला तर मराठीतही बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

आता भेटीविषयी. मला स्वतःला अशी एक भेट मिळाली. 1986 मध्ये पुणे विद्यापीठात शिकत होते, तेव्हा एक दिग्दर्शक बोलायला आले होते. त्यांचं नाव लिहीत नाही, कारण ते बोलणं छापण्यासाठी नव्हतं. व्याख्यानानंतर मी धीर करून पुढे गेले आणि म्हणाले, "तुमचा सिनेमा मला फार आवडला." ते "थँक्यू" म्हणाले. मग अचानक विचारलं, "कुठे पाहिलात?" मी म्हटलं, मिरजेत, आत्याबरोबर. "आत्यांना कसा वाटला?" मी सांगितलं की सासू सुनेसाठी उरलेलं अन्न झाकून ठेवते त्या जागी आत्या उठून बाहेर गेली. ते थांबले. बरोबरच्या माणसांना त्यांनी पुढे जायला सांगितलं. "परत आल्या का?" आली, म्हटलं, तोंड धुऊन आली आणि पुढचा सगळा सिनेमा पदर धरून बसून पाहिला. त्यांनी मला हे पुन्हा एकदा सांगायला लावलं. आत्या कुठल्या वाक्याला उठली, किती वेळानं आली, घरी जाताना काही बोलली का. मी सांगत होते आणि ते मान खाली घालून ऐकत होते.

त्या संध्याकाळी मला जे कळलं, ते मी नंतर प्रत्येक तुकडीला सांगत आले. सिनेमा करणाऱ्याला मिरजेच्या त्या थिएटरात, त्या रात्री, आत्याच्या शेजारी बसता येत नाही. त्याला समीक्षा वाचायला मिळते, पुरस्कार मिळतात, तिकिटं किती गेली ते कळतं. कोण कुठे उठून गेलं आणि परत आलं, हे फक्त शेजारी बसलेल्याला ठाऊक असतं. आपण प्रेक्षक भेटीत चांगला प्रश्न विचारण्याच्या दडपणाखाली असतो. खरं तर आपल्याकडे प्रश्नापेक्षा मोलाची गोष्ट असते, आपल्या घरची. तुझ्याकडे मिरच्यांची देठं होती. प्रश्न म्हणून ते सुचेना, म्हणून हात अर्ध्यातून खाली आला असावा.

आणि ते सांगण्याची वेळ पूर्ण गेलेली नाही. 'कासव' दोघांनी दिग्दर्शित केला आहे, त्यातले सुनील सुकथनकर आपल्यात आहेत. चित्रपटाचे निर्माते डॉ. मोहन आगाशे, जे त्यात दत्ताभाऊही झाले आहेत, स्वतः मनोविकारतज्ज्ञ आहेत. बी. जे. मेडिकल कॉलेजात त्यांनी मनोविकारशास्त्र शिकवलं. 'अस्तु' आणि 'कासव' घेऊन ते गावोगाव जातात आणि खेळानंतर लोकांशी बोलत बसतात. तुझ्या भावाची हकिकत ऐकायला याहून योग्य कान मला तरी माहीत नाहीत. 2017 मध्ये 'कासव'ला देशातल्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ जाहीर झालं. 'श्यामची आई', 'श्वास', 'देऊळ' आणि 'कोर्ट'नंतर तो मान मिळवणारा तो पाचवा मराठी चित्रपट. तरीही भुदरगड तालुक्यात एका खोलीत त्याचं काय झालं, हे तू सांगितल्याशिवाय त्या दोघांना कसं कळणार?

तेव्हा एक पान लिही. तारीख, सभागृह, मागून तिसरी रांग. आभार, कौतुक, 'तुमच्यामुळे' वगैरे गाळलंस तरी चालेल. घरी पोचल्यावर पहिल्या रात्री खोलीत गेलीस तेव्हा कुठली भाजी होती, तो भिंतीकडे तोंड करून होता की छताकडे बघत होता, तीन आठवड्यांत तुला किती वेळा विचारावंसं वाटलं आणि ओठ कसे मिटलेस, ते लिही. मात्र पाठवण्याआधी भावाला वाचून दाखव. ती हकिकत अर्धी त्याची आहे, आणि त्यानं नको म्हटलं तर ते पान तुमच्या दोघांतच राहू दे.

तुझ्या पत्रात नसलेली एक गोष्ट विचारते. भावानं 'कासव' पाहिला आहे का? नसेल, आणि त्याला बघावासा वाटला, तर त्याच्या डॉक्टरांना विचारून दोघं मिळून बघा. सुरुवात जड आहे, ती त्याला आधीच सांगून ठेव.

मीही 'दोघी'च्या त्या मुलीविषयीचं पान सुकथनकरांसाठी लिहायला घेतलं आहे. तिच्या हळदीला मावशी बसली होती. मी गेले होते, मी पाहिलं आहे.

तुझं पान झालं आणि भावाची हरकत नसली तर एक प्रत मलाही पाठव. आणि त्यात हे लिहायला विसरू नकोस, त्या दिवशी सव्वासातची एसटी मिळाली का?